वॉटर कूलिंग लूप धुतला तरी बुळबुळीत थर परत येतो: कारणं आणि कायमचा उपाय

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणाऱ्या लूपबद्दल, म्हणजे पंप, ट्यूब, रेडिएटर आणि टाकी यांच्या बंद चक्राबद्दल, तक्रार बहुतेक अशी असते: लूप उघडून धुतला, नवं कूलंट (थंड करणारं द्रव) भरलं, महिना-दोन महिने सगळं लख्ख दिसलं. मग रिझर्व्हॉयरच्या (टाकीच्या) कोपऱ्यात धुरकट काहीतरी तरंगायला लागलं, पाणी किंचित गढूळ झालं, ट्यूबच्या आत थर चढला. बायोसाइडचे (जिवाणूनाशक औषधाचे) काही थेंब टाकल्यावर आठवडाभर बरं वाटलं, आणि पुन्हा तेच.

असं वारंवार होत असेल तर नव्या ब्रँडचं कूलंट शोधण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. अशा लूपमध्ये जिवाणू सहसा नव्याने आलेले नसतात, मागच्या धुण्यात ते पूर्ण गेलेलेच नसतात. पाण्यात सुटे फिरणारे जिवाणू आणि पृष्ठभागाला चिकटून बसलेले जिवाणू यांच्यात मोठा फरक आहे. चिकटलेले जिवाणू स्वतःभोवती शर्करायुक्त चिकट पदार्थाचं आवरण तयार करतात. फुलदाणीत बरेच दिवस राहिलेल्या पाण्याच्या कडेला बोट लावलं की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तोच हा प्रकार. देखभालीसाठी टाकलेल्या मात्रेतलं बायोसाइड सुटे जिवाणू मारतं, पण या आवरणाच्या आत नीट पोचत नाही. वरचे मरतात, आतले टिकतात, औषधाचा जोर ओसरला की पुन्हा वाढतात. म्हणून क्रम कायम हाच ठेवा: आधी घासून काढायचं, मग रसायन. मळलेल्या लूपमध्ये नुसतं औषध ओतणं हा उपाय नव्हे.

लूपमधल्या पाण्याचं तापमान साधारण ३० ते ४५ अंश सेल्सियस असतं आणि हा टप्पा बऱ्याच जिवाणूंना अगदी मानवतो. 'डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही नसतंच, मग वाढणार काय?' हा समज चुकीचा आहे. स्यूडोमोनास गटातले काही जिवाणू अत्यल्प पोषणावर, डिस्टिल्ड वॉटरमध्येसुद्धा वाढतात. त्यात ट्यूबमधून सुटणारे पदार्थ, हाताचा तेलकटपणा आणि हवेतली धूळ मिळाली की त्यांना पुरेसं होतं.

आधी घाण कशाची आहे ते ठरवा

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाते आणि पुढची सगळी मेहनत त्यामुळे वाया जाते. लूपमध्ये दिसणारं सगळं जिवाणूंचंच असतं असं नाही. रंगावरून तर काहीच ठरवू नका. हिरवं म्हणजे शेवाळ असेलच असं नाही, ते तांब्याचे क्षारही असू शकतात. पांढरं म्हणजे बुरशीच असंही नाही.

नमुना घ्या. रिझर्व्हॉयरमधून किंवा ब्लॉकमधून (प्रोसेसरवर बसणाऱ्या, आतून पाणी जाणाऱ्या धातूच्या भागातून) वाटाण्याएवढा गोळा पांढऱ्या बशीत काढा आणि हातमोजा घालून दोन बोटांत चोळा. जिवाणूंचा थर बुळबुळीत लागतो, बोटांतून निसटतो, त्याला साचलेल्या पाण्याचा किंवा कुजकट वास येतो. पारदर्शक पीव्हीसी ट्यूबमधून सुटलेला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारा पदार्थ) मात्र चिकट, डिंकासारखा लागतो आणि बोटाला धरून राहतो. तो पांढुरका, पिवळसर किंवा डाय (कूलंटमधला रंग) शोषून रंगीत झालेला असतो आणि बहुतेक ब्लॉकच्या बारीक फिन्समध्ये (धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये) अडकलेला सापडतो.

खात्री करायची असेल तर दोन सोप्या चाचण्या आहेत. नमुना थोड्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन त्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन-तीन थेंब टाका. बहुतेक जिवाणूंमध्ये आणि बुरशीत कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड झपाट्याने फोडतं आणि भरपूर फेस येतो. ही चाचणी ब्लॉकवर करू नका, बशीतच करा. तांबं आणि त्याचे क्षारही पेरॉक्साइड फोडतात, त्यामुळे निळसर-हिरव्या नमुन्यावर आलेले थोडेसे बुडबुडे पुरावा धरू नयेत. दुसरी चाचणी आयसोप्रोपिल अल्कोहोलची. काचेच्या छोट्या बाटलीत नमुना टाकून त्यावर अल्कोहोल ओता. प्लॅस्टिसायझर मऊ पडतो किंवा विरघळतो. जिवाणूंचा थर विरघळत नाही, उलट आकसून त्याच्या गुठळ्या होतात.

बाकीचे प्रकार ओळखायला सोपे आहेत. पाण्यात कापसासारखे मऊ गोळे तरंगत असतील तर बुरशी. उजेड पडतो तिथेच हिरवा थर आणि बंद भागात काहीच नाही, तर शेवाळ. नव्या रेडिएटरनंतर पहिल्या काही आठवड्यांत दिसणारे काळे-तपकिरी कण हे बहुतेक सोल्डरिंगच्या फ्लक्सचे अवशेष असतात. रंगीत कूलंटचा गाळ तळाशी बसला असेल, हलवल्यावर पुन्हा मिसळत असेल आणि बुळबुळीत नसेल, तर तो डाय किंवा रंगकणांचा आहे.

फसवणारा एक प्रकार मात्र नीट लक्षात ठेवा. लूपमध्ये कुठेतरी ॲल्युमिनियमचा भाग असेल, उदाहरणार्थ स्वस्त रेडिएटर किंवा फिटिंग, तर तांब्याच्या सहवासात तो गंजतो आणि पांढरट-करडा, जेलीसारखा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होतो. तो दिसायला जिवाणूंच्या थरासारखाच असतो, पण पेरॉक्साइडवर फेसाळत नाही. तसं आढळलं तर पुढची स्वच्छता करण्याआधी ॲल्युमिनियमचा भाग काढून टाकावा लागेल. तो लूपमध्ये असेपर्यंत कोणतंही बायोसाइड कामाचं नाही.

पीव्हीसी ट्यूब नुसती दुधाळ दिसत असेल आणि आत थर नसेल, तर ती पाणी शोषून पांढरी झालेली असू शकते. तुकडा कापून कोरड्या जागी ठेवा. काही दिवसांत पारदर्शक झाला तर घाण नव्हतीच.

अडथळा कुठे आहे हे तापमानावरून कळतं

पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर असेल तर लूप उघडण्याआधी, एकाच प्रकारचा भार अर्धा तास देऊन, दोन फरक लिहून ठेवा: प्रोसेसर उणे पाणी, आणि पाणी उणे खोलीतली हवा. पहिला फरक पूर्वीपेक्षा वाढला असेल तर ब्लॉकच्या फिन्समध्ये कचरा अडकला आहे किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामधला उष्णतावाहक लेप) सुकली आहे. दुसरा वाढला असेल तर आधी रेडिएटरवरची धूळ आणि फॅन बघा. दोन्ही वाढले आणि फ्लो मीटरचा आकडा घसरला, तर प्रवाहच मंदावला आहे: पंपात, जेट प्लेटखाली (ब्लॉकच्या आत पाणी फिन्सवर सोडणाऱ्या पट्टीखाली) किंवा क्विक डिस्कनेक्टमध्ये (झटकन सुट्या होणाऱ्या जोडणीत) काहीतरी अडकलं आहे.

धुतल्यावरही परत येण्याची नेमकी कारणं

पहिलं आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे लपण्याच्या जागा. लूप 'फ्लश' केला म्हणजे धुतला असं होत नाही, कारण पाणी सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही. ओ-रिंगच्या (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांच्या) खोबणी, फिटिंगचे आटे, पंपातल्या इम्पेलरची (फिरत्या पात्याची) मागची बाजू, ब्लॉकच्या जेट प्लेटखालची जागा, रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या टाक्या, तापमान सेन्सरचा प्लग आणि क्विक डिस्कनेक्टमधला स्प्रिंगचा झडपा, या ठिकाणी थर जसाच्या तसा राहतो. आणि ड्रेन लाइन, म्हणजे पाणी काढायची ट्यूब. टी-फिटिंगपासून (तीन तोंडांच्या जोडणीपासून) वीतभर लांब ट्यूब काढून टोकाला व्हॉल्व्ह लावलेला असेल, तर त्या ट्यूबमधलं पाणी वर्षभर जागचं हलत नाही. तिथलं बायोसाइड संपलं की नवं सहज पोचत नाही, आणि तिथून मुख्य प्रवाहात जिवाणू सुटत राहतात. व्हॉल्व्ह थेट टी-फिटिंगवर बसवा. एवढ्या एका बदलाने बरेच हट्टी लूप सुधारतात.

दुसरं कारण भांडी घासायच्या साबणाचं, आणि याची माहिती फार कमी जणांना असते. बाजारातली बरीच बायोसाइड्स बेन्झाल्कोनियम क्लोराइडवर आधारलेली असतात. हे धनभारित रसायन आहे. भांड्यांच्या साबणातले फेस आणणारे घटक बहुतेक ऋणभारित असतात. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना बांधून निष्प्रभ करतात, कधी कधी त्यातून पाणी गढूळही होतं. म्हणजे साबणाने छान धुतलं, खळबळणं कमी पडलं, आणि नव्या औषधाची ताकद पहिल्याच दिवशी गेली.

तिसरं, ग्लायकॉल पातळ करणं. कूलंट पुरवून वापरावं म्हणून त्यात डिस्टिल्ड वॉटर घालण्याची सवय असते. प्रोपिलीन ग्लायकॉल साधारण २० ते २५ टक्क्यांच्या वर असेल तर जिवाणूंची वाढ रोखतं. बरंच पातळ झालं तर तेच ग्लायकॉल त्यांचं खाद्य बनतं. तयार कूलंट लेबलवर लिहिल्याशिवाय पातळ करू नका. काँसन्ट्रेट असेल तर सांगितलेलं प्रमाण तंतोतंत पाळा.

चौथं, पातळी कमी झाल्यावर काय भरायचं याचा गोंधळ. ट्यूबच्या भिंतींतून आणि झाकणातून हळूहळू बाष्पीभवन होऊन पातळी उतरली असेल तर फक्त पाणी गेलेलं असतं, बाकी घटक आतच असतात. तिथे डिस्टिल्ड वॉटर घालणं बरोबर. पण गळती झाली असेल किंवा एखादा भाग बदलताना कूलंट सांडलं असेल तर औषधही गेलेलं असतं, तिथे तयार मिश्रणच घालायला हवं.

मिश्रणांचा घोळ हे आणखी एक कारण. जास्त सुरक्षित म्हणून चांदीची कॉइल, कॉपर सल्फेट आणि वर बेन्झाल्कोनियम क्लोराइड असं सगळं एकत्र टाकलं जातं. चांदी क्लोराइडशी जोडली जाऊन न विरघळणारा सिल्व्हर क्लोराइड तयार होतो. कॉपर सल्फेटमधलं तांबं गंजरोधकांशी बांधलं जातं किंवा अल्कधर्मी पाण्यात गाळ होऊन बसतं. एका लूपमध्ये एकच पद्धत ठेवा. तयार कूलंटमध्ये बायोसाइड आधीच असेल तर वेगळं टाकू नका.

सुटं करून धुणं

आधी मोजमाप. कूलंट काढताना मापाच्या भांड्यात काढा आणि आकडा लिहून ठेवा. लूपमध्ये नेमकं किती पाणी बसतं हे माहीत नसेल तर बायोसाइडची मात्रा अंदाजानेच पडते आणि तो अंदाज हमखास चुकतो. केस सगळ्या बाजूंना कलवून रेडिएटरमधलंही काढा. तोंडाने फुंकून पाणी बाहेर ढकलू नका, तोंडातले जिवाणू थेट आत जातात. हाताने दाबायचा रबरी फुगा वापरा.

मऊ ट्यूब फेकून द्या, धुवत बसू नका. आतला पृष्ठभाग घासून पूर्ण स्वच्छ होत नाही. पीव्हीसीऐवजी ईपीडीएम रबराची काळी ट्यूब घेतलीत तर प्लॅस्टिसायझर आणि उजेड हे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. वारंवार त्रास होणाऱ्या लूपसाठी आमची पहिली शिफारस हीच असते, दिसायला ती साधी असली तरी. ॲक्रिलिक किंवा पीईटीजीच्या कडक नळ्या मात्र वाचवता येतात: दोरीला मऊ कापडाचा बोळा बांधून कोमट साबणाच्या पाण्यात तो आतून अनेकदा ओढा. पाणी ४० अंशांच्या आसपास पुरे. ॲक्रिलिकला अल्कोहोल अजिबात लावू नका. त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि कधी कधी दाब आल्यावर त्या लक्षात येतात.

ब्लॉक उघडण्याआधी फोटो काढा, विशेषतः जेट प्लेटची दिशा आणि वेगवेगळ्या लांबीच्या स्क्रूंच्या जागा. स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा करत सैल करा. फिन्समधलं अंतर मिलिमीटरच्याही काही दशांश भागाएवढं असतं, म्हणून अतिशय मऊ टूथब्रश घ्या आणि फिन्सच्या दिशेनेच फिरवा. आडवा फिरवला तर फिन्स वाकतात आणि ब्लॉक कायमचा बिघडतो. कोमट पाणी आणि बिनवासाच्या साबणाचे एक-दोन थेंब पुरतात. प्लॅस्टिसायझर अडकला असेल तर ब्लॉकचा फक्त धातूचा भाग, ॲक्रिलिक झाकण आणि ओ-रिंग वेगळी काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवा आणि मग घासा.

उघड्या तांब्यावर काळपट डाग असतील तर एक भाग साध्या व्हिनेगरला चार भाग पाणी घेऊन ५ ते १० मिनिटं बुडवा, लगेच धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एकदा बुचकळा, पुन्हा धुवा. निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकवर हे करू नका. आम्ल मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतं, खालचं तांबं खातं आणि मुलामा पापुद्र्यांनी सुटतो. तिथे फक्त साबण, मऊ ब्रश आणि धीर.

ओ-रिंग बाहेर काढून तिची खोबण पुसा. रिंग चपटी झाली असेल, चिरली असेल किंवा धुतल्यावरही बुळबुळीत लागत असेल तर बदला. बसवताना पेट्रोलियम जेली लावू नका, ईपीडीएम रबर तेलाने फुगतं. नखभर सिलिकॉन ग्रीस चालेल.

पंप डी५ प्रकारचा असेल तर वरची रिंग सोडवल्यावर इम्पेलर सरळ वर उचलता येतो, तो एका छोट्या बॉल बेअरिंगवर टेकलेला असतो. त्याच्या खालच्या बाजूला जवळजवळ प्रत्येक वेळी थर सापडतो. मऊ ब्रशने पुसा, बॉलवर ओरखडा येऊ देऊ नका. क्विक डिस्कनेक्ट कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून झडपा वीस-तीस वेळा दाबा. पाणी तरीही गढूळ येत असेल तर ते बदलणंच बरं.

रेडिएटर हा सगळ्यांत अवघड भाग, कारण आत ब्रश जात नाही. ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याने तो अर्धा भरा, बुचं लावा, दोन मिनिटं जोरात हलवा, पाणी पांढऱ्या कापडातून गाळून बाहेर काढा. अर्धाच भरायचा, कारण हवा असेल तरच पाणी आत आदळतं. पूर्ण भरलेल्या रेडिएटरमध्ये पाणी नुसतं सरकतं. कापडावर काही येईनासं होईपर्यंत हे करा. सुरुवातीच्या खेपांना नळाचं पाणी चालतं, शेवटच्या किमान तीन खेपा डिस्टिल्ड वॉटरच्याच. मग वॉटर कूलिंगसाठीच बनवलेला सिस्टिम क्लीनर लेबलवर दिलेल्या प्रमाणात भरून, दिलेला वेळ ठेवा. घासण्याऐवजी इथे वेळच काम करतो, म्हणून घाई नको. फॉस्फोरिक आम्लाचे रेडिएटर क्लीनर फक्त तांब्या-पितळेच्या सुट्या रेडिएटरसाठी असतात. हातमोजे आणि गॉगल घाला आणि ते ब्लॉकमधून कधीही फिरवू नका.

क्लीनरच्या दोन पूर्ण फेऱ्यांनंतरही हलवल्यावर कापडावर बुळबुळीत पापुद्रे येत असतील तर तो रेडिएटर बदला. एका मळक्या रेडिएटरसाठी बाकीचा लूप दरवेळी उघडत राहणं परवडत नाही.

साबण पूर्ण गेला का हे डोळ्यांनी कळत नाही. पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं साधन) घ्या. डिस्टिल्ड वॉटर आत जाताना ०–२ दाखवत असेल आणि बाहेर येताना १५ दाखवत असेल, तर आत अजून काहीतरी आहे. दोन्ही आकडे जवळपास सारखे होईपर्यंत खळबळा. पीएच पट्टीवर इथे विसंबू नका, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बफर (पीएच स्थिर ठेवणारे घटक) नसल्याने तिचा रंग भरवशाचा नसतो.

ब्लीच का नको

ब्लीच जिवाणू मारतं, यात शंका नाही. पण सोडियम हायपोक्लोराइट तांबं, ॲल्युमिनियम आणि निकेलचा मुलामा तिन्हींना खातं, आणि गंजलेला खरखरीत पृष्ठभाग पुढच्या थराला चिकटायला आणखी सोपा होतो. ते आम्लाच्या क्लीनरशी किंवा व्हिनेगरशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. लूप जोडलेला असताना ते कधीही फिरवू नये. पेरॉक्साइडचाही उपयोग सुट्या प्लॅस्टिक भागांपुरताच ठेवा.

पुन्हा जोडणं आणि भरणं

पाणी भरण्याआधी हवेच्या दाबाने गळती तपासा. ०.५ बारपर्यंत दाब द्या आणि अर्धा तास काटा बघा. काटा हलला नाही तरच पुढे जा.

१. पहिली भरणी निर्जंतुकीकरणाची. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बायोसाइडची लेबलवरची स्वच्छतेसाठीची मात्रा घाला. लेबलवर तशी वेगळी मात्रा नसेल तर नेहमीची मात्राच घ्या. दुप्पट-तिप्पट टाकल्याने बेन्झाल्कोनियम क्लोराइड फेसाळतं आणि पंपात हवा अडकते.

२. पॉवर सप्लायचा २४ पिनचा कनेक्टर आणि पंपाखेरीज बाकीच्या भागांचे कनेक्टर काढून २४ पिनच्या कनेक्टरला जंपर (मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय सुरू करणारा जोड) लावा, म्हणजे फक्त पंप चालेल. पंप कोरडा क्षणभरही चालवू नका. केस अधूनमधून कलवत २४ तास पाणी फिरू द्या.

३. ते काढा, डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळा, टीडीएस पुन्हा बघा.

४. अंतिम कूलंट स्वच्छ भांड्यात आधी मिसळा, मगच भरा. औषध थेट रिझर्व्हॉयरमध्ये टाकू नका. थेंब मोजू नका, सिरिंज वापरा, कारण प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळ्या आकाराचा असतो. लेबल लिटरमागे २ मिली सांगत असेल आणि तुमच्या लूपमध्ये १.१ लिटर बसत असेल, तर २.२ मिली.

पाण्याची बाटली नवी, सीलबंद असावी. महिनोन्महिने उघडी राहिलेली बाटली जिवाणूंचा स्रोत असू शकते. आरओचं किंवा बाटलीतलं पिण्याचं पाणी चालत नाही. हातमोजे घाला, फनेल आधी धुऊन वाळवा, ट्यूबच्या आत बोट घालू नका.

औषध धातू बघून निवडा. ॲल्युमिनियम असेल तर कॉपर सल्फेट वर्ज्य, तांबं त्यावर बसून छिद्रं पाडतं. निकेलचा मुलामा असेल तर चांदीची कॉइल आणि कॉपर सल्फेट दोन्ही टाळा. उघडं तांबं आणि पितळ असलेला साधा लूप सगळ्यांत सोशिक. ग्लायकॉल निवडताना घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर प्रोपिलीन घ्या. एथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं तर जीवघेणं ठरतं, आणि गोड चवीमुळे प्राणी ते चाटतात.

नंतरची देखरेख

भरतानाच त्याच मिश्रणाची १०० मिलीची एक बाटली भरून, झाकण घट्ट लावून, अंधारात ठेवा. दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी लूपमधून ५० मिली काढून तिच्याशेजारी पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना हळूहळू येणारा गढूळपणा दिसत नाही, शेजारी मूळ नमुना असला की लगेच दिसतो. दोन्ही बाटल्या गढूळ झाल्या तर दोष कूलंटमध्ये किंवा पाण्यात आहे. फक्त लूपमधलं गढूळ झालं तर घाण लूपच्या आत राहिली आहे. पुढची दिशा यावरूनच ठरते.

फ्लोचा आकडा आणि तापमानातले ते दोन फरक तिथेच लिहून ठेवा. तयार कूलंटचा पीएच लेबलवरच्या टप्प्याखाली घसरू लागला तर जिवाणू आम्ल तयार करत आहेत किंवा गंजरोधक संपत आले आहेत. दिसायला स्वच्छ असलं तरी कूलंट बदला. एरवी पारदर्शक कूलंट १२ महिन्यांनी बदलावं. डाय असलेलं ६ ते १२ महिन्यांत, अपारदर्शक त्याहून लवकर.

शेवाळासाठी उजेड अडवा: खिडकीसमोर काचेची बाजू ठेवू नका. जिवाणूंना उजेड लागत नाही, त्यामुळे काळ्या ट्यूबने त्यांचा प्रश्न सुटत नाही. केसमधल्या जांभळ्या यूव्ही एलईडी सजावटीच्या असतात, त्यांच्या तरंगलांबीने लूप निर्जंतुक होत नाही. जिवाणू मारणारे २५४ नॅनोमीटरचे दिवे ॲक्रिलिक आणि ट्यूब पिवळी, ठिसूळ करतात, शिवाय डोळ्यांना अपाय करतात. ते या कामाला आणू नका.

कॉम्प्युटर बरेच दिवस बंद राहणार असेल तर कोणालातरी आठवड्यातून अर्धा तास चालवायला सांगा. काही महिने बंद राहणार असेल तर लूप रिकामा करून, भाग वाळवून ठेवणं उत्तम. साचलेलं, न हलणारं पाणी थर धरायला सगळ्यांत सोयीचं.

कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या ऑल-इन-वन कूलरला वरचं बहुतेक काही लागू होत नाही. त्यात बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याची प्लेट असते, गंजरोधकांच्या जोरावर ते टिकतं, आणि उघडलं की वॉरंटी जाते. पंप चालू असूनही तापमान सतत वाढत असेल आणि फॅन, धूळ, पेस्ट ठीक असेल तर आत गाळ साचला असं धरून वॉरंटीत बदलून घ्या.

काढलेलं कूलंट झाडांना, गटारात किंवा तळ्यात ओतू नका. तांब्याचे क्षार आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइड जलचरांसाठी घातक आहेत. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, वर 'विषारी, पिऊ नये' असं ठळक लिहा, आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.